शकूच्या हातची पॅकिंग

तेरवीला आलेली माणसं तुझ्याबद्दल चांगलंच बोलली, शकू. कोणी म्हणालं सुगरण होती, कोणी म्हणालं सोशिक होती. सुगरण तू होतीस, त्यात वाद नाही. पण सोशिक? माझा धाकटा भाऊ डोळे पुसत हे म्हणत होता आणि मी मुकाट मान हलवत होतो. तू असतीस तर शेडातल्या बांबूच्या तट्ट्याआडून ओरडली असतीस, "काहून खोटं बोलून राहिले, भाऊजी?" सोशिक बाई नवऱ्याने बसवलेलं इंजिन चौथ्यांदा खोलायला लावत नाही.

एवढ्या नातेवाइकांत एकानेही म्हटलं नाही की अड्याळच्या बाजारापासून पवनीपर्यंत ज्या जुन्या गाड्या तेल न सांडता धावतात, त्यांच्या इंजिनात तुझ्या कात्रीचं काम आहे. ते त्यांना ठाऊकच नव्हतं. कारण मी घरच्यांना कधी सांगितलं नव्हतं. म्हणून आता सांगतो, आणि तुलाच सांगतो. सगळ्यात आधी ते तुलाच सांगायला हवं होतं.

तू दिघोरीहून लग्न होऊन आलीस तेव्हा तुझ्यासोबत पायाची शिलाई मशीन आली. आमच्या घरचे सगळे धानाच्या बांधीत राबणारे. मी नागपूरच्या गॅरेजात सहा वर्षं काढून परत आलो आणि रस्त्याच्या कडेला टिनाचं शेड टाकलं, याचंच त्यांना नवल. त्यात बायको मशीनवाली. जागा एकच, म्हणून मधे बांबूचा तट्टा लावला. इकडे माझे पाने आणि जॅक, तिकडे तुझे ब्लाउज आणि परकर. पहिल्याच महिन्यात पोस्टमास्तरांच्या बायकोच्या नव्या पोपटी ब्लाउजवर तीन काळी बोटं उमटली. तू ते कापड माझ्या नाकासमोर धरलंस. "हे कोणाचे बोटं हायेत, वळखा." दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी तट्ट्याच्या खिळ्याला माझ्यासाठी वेगळा पंचा लटकला, खाली साबणाची वडी. नव्या ब्लाउजचं कापड तू माझ्याकडूनच भरून घेतलंस.

पॅकिंगचं काम तुझ्या हाती कसं आलं ते आठवतं? इंजिनाचे दोन लोखंडी भाग जिथे जुळतात तिथे मधे कॉर्कची नाहीतर जाड कागदाची पट्टी घालावी लागते. ती पट्टी म्हणजे पॅकिंग. ती बिघडली की तेल गळालंच. जुन्या गाड्यांच्या तयार पॅकिंगा नागपुरातही मिळत नसत, कॉर्कचा ताव आणून हाताने कापाव्या लागत. मी ताव इंजिनावर ठेवायचो आणि हातोडीने कडेकडेने ठोकत आकार काढायचो. दोन नीट निघाल्या तर तिसरी तुटायची. एका दुपारी तिसरी तुटली तेव्हा मी शिवी हासडली. तू मशीन थांबवून आलीस.

"द्या इकडं."

"हे कापड नोहे, शकू."

"कापडापेक्षा काय येगळं हाये? माप घ्या, कापा, भोकं पाडा. तुमी तं त्याले मारून राहिले."

तू आधी कागदावर आकार उतरवलास, खडूने खुणा केल्यास, मग कॉर्क कापलास. दिसायला इतकी देखणी पॅकिंग मी नागपुरातही पाहिली नव्हती. बसवली. चार दिवसांनी ती गळली. मी हसलो, ते माझं चुकलं. तू ती काढायला लावलीस, हातात धरून उलटसुलट पाहिलीस आणि म्हणालीस, "आटली." नवं सुती कापड पाण्यातून काढल्याशिवाय तू कधी कापत नव्हतीस. पुढच्या पॅकिंगचा कॉर्क तू आधी पाण्यात भिजवलास, सावलीत ठेवलास, ओलसर असतानाच कापलास आणि तसाच बसवायला दिलास. ती पॅकिंग टिकली.

माझे हात जड. मी पहिला बोल्ट धरायचो तो पार आवळूनच सोडायचो, मग दुसरा. कॉर्क एका बाजूने दबून बाहेर यायचा. तू तट्ट्यापाशी उभी राहून पाहत होतीस. "पहिले कच्चा टाका घाला ना सगळ्यायले," म्हणालीस. "एक बाही पक्की शिवून मंग दुसरी लावतो का आपण?" तेव्हापासून मी सगळे बोल्ट आधी बोटांनी लावतो, मग मधल्यापासून कडांकडे, थोडे थोडे. नागपूरच्या माझ्या उस्तादाने हेच सांगितलं होतं, पण मी ते शिकलो तुझ्याकडून.

आता डॉक्टरांच्या मोटारीचं.

आपल्या गावच्या डॉक्टरांकडे त्यांच्या वडिलांच्या काळची विलायती मोटार होती, काळी, गोल मडगार्डची. आपल्या लग्नाच्या वेळीच ती वीस-पंचवीस वर्षांची असेल. ती जिथे उभी राही तिथे तेलाचा डाग सोडून जाई. डॉक्टर कोणाच्या घरी येऊन गेले हे गावाला डागावरून कळे. कोणाच्या अंगणात दोन डाग दिसले की बाया म्हणत, तिथलं दुखणं मोठं आहे. तोवर ते हसण्यावारी जात होतं. इमर्जन्सी उठली त्या वर्षी उन्हाळ्यात डॉक्टर महिनाभर मुलाकडे गेले, गाडी फाटकात उभी राहिली, आणि परत आल्यावर जे गळायला लागली ते थेंब नव्हते, धार होती. चेंबर म्हणजे इंजिनाच्या पोटाखालची तेलाची टाकी, तिथून. वरच्या झाकणातून, म्हणजे टॅपेट कव्हरमधून. पुढच्या झाकणातून.

मी तीनदा खोलली. तीनदा तू नव्या पॅकिंगा कापून दिल्यास. तीनदा गळली. तिसऱ्या वेळी तर मी तुझ्यावर आवाज चढवला. "तुझ्या पॅकिंगा कच्च्या हायेत," असं म्हणालो. हे मी आजवर विसरलेलो नाही.

मग धानाच्या रोवणीच्या दिवसांत ते घडलं. बांधीत एका माणसाला साप चावला. डॉक्टरांनी त्याला मोटारीत घातलं आणि भंडाऱ्याच्या रस्त्याला लागले. अर्ध्या वाटेत तेलाचा काटा शून्यावर आला. इंजिन आतून ठोकायला लागलं. डॉक्टरांनी गाडी थांबवली, रस्त्यात उभं राहून तांदळाचा ट्रक अडवला, पोत्यांवर त्या माणसाला झोपवलं आणि स्वतः त्याच्या उशाशी बसून गेले. माणूस वाचला. दुसऱ्या दिवशी बैलजोडी लावून मोटार आपल्या शेडसमोर आणली गेली. डॉक्टर मागून चालत आले. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, "ठेव." एवढंच. आणि छत्री उघडून पायी घरी गेले.

शकू, त्यांनी मला चार लोकांत शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. मी त्या मोटारीच्या पायरीवर बसून राहिलो. जेवायला उठलो नाही. तू एका ब्लाउजला हुक लावत होतीस. तू ते खाली ठेवलंस, आणि तुझा पांढऱ्या खडूचा डबा घेऊन आलीस. खडूची पूड केलीस. मला म्हणालीस, "इंजिन पुसा. कोरडं ठक्क करा." मी रॉकेलने धुतलं, पुसलं. तू त्या सगळ्या जोडांवर ती पूड फुंकून बसवलीस, लहान पोराच्या अंगाला पावडर लावावी तशी. मी नवं तेल भरलं. आतून ठोकत होतं तरी पाच मिनिटं चालवलं. पांढऱ्यावर काळ्या रेघा उमटल्या. तू वाकून पाहिलंस.

"किती ठिकाणून आलं?"

"तीन."

"तिन्ही एकदमच सुटल्या?"

"एकदमच."

तू सरळ उभी राहिलीस. त्या वेळचा तुझा चेहरा मला अजून लख्ख दिसतो. कपाळाला खडू लागला होता. "मंग पॅकिंगचा दोष नाही. ब्लाउजच्या तीन शिवणी एकाच दिवशी उसवल्या तं मी सुताले बोल लावत नाही. बाई आंगानं भरली म्हणते. आंतून कोणीतरी दाबून राहिलं, पाहा."

आतून कोणीतरी दाबतंय. इंजिनाच्या पोटात वाफ आणि धूर साचतो, तो बाहेर जायला एक नळी असते. इंजिनाचा श्वास म्हणायचा. ती मी तीनही वेळा पुसली होती, बाहेरून. खोलून पाहिली नव्हती. आता काढली. आतली जाळी वर्षानुवर्षांच्या काळ्या चिकट गाळाने भरलेली, आणि नळीच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं, पक्कं, वाळून खडक झालेलं. महिनाभर उभ्या गाडीत तिला निवांत जागा मिळाली होती. इंजिनाचा श्वास कोंडला होता; तेल जिथून वाट मिळेल तिथून बाहेर येत होतं. मी खिळ्याने ती माती फोडली तेव्हा तू इतकी हसलीस की पलीकडचा सायकलवाला पाहायला आला.

इंजिन पूर्ण उतरवावं लागलं, बेअरिंगा बदलाव्या लागल्या, ते माझं काम होतं आणि मी ते नीट केलं. पॅकिंगा तुझ्याच. डॉक्टर मोटार घेऊन भंडाऱ्याला जाऊन आले. तू अस्तराचं पांढरं कापड इंजिनाखाली अंथरलंस आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपण तिघं त्या कापडाभोवती उभे राहिलो. दोन थेंब होते, मागच्या बाजूला. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तेव्हाच तुझं नाव सांगायचं होतं. कापड घडी करत तू तिथेच उभी होतीस. "मेहनत केली, साहेब," एवढंच मी बोललो.

त्या दोन थेंबांवरून आपण पुढची दहा वर्षं भांडलो. मी म्हणायचो, या इंजिनाला मागे सीलच नाही, नुसती फिरकीसारखी खाच आहे, ती तेल परत ढकलते. दोन थेंब पडणारच, ते त्याच्या जन्मासोबत आलेत. तू म्हणायचीस, "तुमाले तसं शिकवलं म्हून." तुझ्या मते तिथे नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, कडं शिवून बसवता आलं असतं. तू कागदावर काढूनही दाखवलंस. मी म्हणालो, दोन थेंबांसाठी इंजिन उतरवणारा मी येडा नाही. तू म्हणालीस, "भेता तुमी." एकदा डॉक्टरांनाच पंच नेमलं, तर ते म्हणाले, राहू द्या, एवढी ओळख राहू द्या माझ्या गाडीची. आपण दोघंही त्यांच्यावर चिडलो. वाद मिटला नाही. आता मी कोणाशी भांडू? आणि खरं सांगू? भीतच होतो मी. तुझं म्हणणं बरोबर निघालं असतं तर, याला.

डॉक्टरांच्या मोटारीनंतर कामं यायला लागली. राइस मिलची इंजिनं, जुन्या जीपा, एका कंत्राटदाराची लष्करातून निघालेली गाडी. मग नागपूरहून सुट्या भागांचा एक एजंट आला. त्याने तुझी एक पॅकिंग उचलून उजेडात धरली, भोकांवरून बोट फिरवलं. "कोणी कापली?" म्हणाला. "मशीनची वाटते."

मी म्हणालो, "मीच."

तट्ट्याच्या पलीकडे तुझी मशीन चालू होती. ती थांबली नाही. एक टाका चुकल्याचा आवाजही आला नाही. ती थांबली असती तर बरं झालं असतं. एजंट गेल्यावर तू मला चहा दिलास, नेहमीसारखा. रागावली नाहीस. पोपटी ब्लाउजासाठी दोन दिवस न बोलणारी तू, यासाठी एक शब्द बोलली नाहीस. त्यावरून मला कळायला हवं होतं की हे किती खोल लागलं.

म्हणून जवाहरनगरच्या त्या फिटरसाहेबांचा दिवस मला माझ्या आयुष्यातला मोठा दिवस वाटतो. फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहणारे, पंजाबकडचे, निवृत्तीला आलेले. हौसेने एक जुनी मोटार बाळगत होते, आणि तिचं तेल थांबत नव्हतं. खिशात माप घ्यायचं व्हर्नियर घेऊनच फिरणारा माणूस. त्यांनी तुझी पॅकिंग मोजली. एका टोकाला मोजली, दुसऱ्या टोकाला मोजली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मोजली.

"किसने काटा है?"

"मेरी घरवाली ने," मी म्हणालो. मग मोठ्याने, तट्ट्याकडे तोंड करून, "मेरी घरवाली काटती है. सब वही काटती है."

मशीन थांबली.

तू पदर सावरत बाहेर आलीस, गळ्यात टेप तसाच. त्या माणसाने व्हर्नियर खिशात ठेवलं आणि दोन्ही हात जोडले. "बहनजी, हमारे यहाँ मशीन पे भी इतना साफ नहीं निकलता. कैसे किया?" मला वाटलं तू लाजून आत जाशील. तू स्टुलावर बसलीस. "पहिले कागज पे उतारो," तू सांगायला सुरुवात केलीस, "फिर कॉर्क को पानी में भिगाओ, नहीं तो आटता है. आटता समझे ना?" नाही समजलं त्यांना. तू टेप काढून आधी लांब धरलास, मग आखूड करून दाखवलास. ते खाली बसले आणि वही काढून लिहायला लागले. चाळीस वर्षं लोखंड घासलेला माणूस तुझ्यासमोर जमिनीवर बसून लिहीत होता, शकू, आणि मी हातातला पाना कुठे ठेवू ते न कळून उभा होतो. त्या दिवशी माझी छाती एवढी फुगली की बनियनच्या शिवणी उसवायच्या.

ते गेल्यावर तू म्हणालीस, "या टायमाले बराबर सांगतलं." आणि आत गेलीस. मागच्या टायमाबद्दल मी माफी मागायची होती. तेव्हा नाही मागितली.

दवाखान्यात मागणार होतो. भंडाऱ्याच्या त्या खाटेवर तू पाचव्या दिवशी जरा शुद्धीत होतीस, ताप उतरला होता, मी मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. मी तोंड उघडलं तर तू हात वर केलास. नाक फेंदारून वास घेतलास. "खालची जीप," तू म्हणालीस, "टॅपेटमधून तेल फेकून राहिली. जळल्याचा वास येते."

"झोप, शकू."

"जाऊन पाहा ना."

मी खाली गेलो. खिडकीखाली एक जीप चालू उभी होती. ड्रायव्हरला बॉनेट उघडायला लावलं. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून तेल गरम लोखंडावर पडत होतं आणि धूर निघत होता. दोन बोल्ट सैल होते, मी त्याच्याच पान्याने आवळले, आधी थोडे, मग पक्के. वर आलो आणि तुला म्हणालो, "तुझं बरोबर होतं." तू डोळे मिटून हसलीस. माफीचं वाक्य मी विसरलो. किंवा मला वाटलं की तेच सांगून झालं. तसं नव्हतं. आज सांगतो: त्या एजंटासमोर मी खोटं बोललो, शकू, आणि तुझ्या हाताची कमाई माझ्या नावावर लावली. मला माफ कर.

तू गेल्यावर मशीनच्या ड्रॉवरमध्ये तुझी मापांची वही सापडली. मला वाटलं होतं त्यात फक्त बायांची मापं असतील. पोस्टमास्तरीणबाई, छाती, कंबर, बाही. तिच्या खाली डॉक्टरांची मोटार, चेंबर, बावीस भोकं, "मागचा डावा कोपरा अर्धा सूत जास्त ठेवणे." मग सरपंचाच्या सुनेचा परकर. मग राइस मिल, मोठं इंजिन, "हे लवकर आवळतात, त्यायले सांगणे." 'हे' म्हणजे मी. पानामागून पान अशीच, गावातल्या बाया आणि इंजिनं एका रांगेत, कोणाचा किती फुगवटा, कुठे किती सैल सोडायचं. मी ती वही भावाला दाखवली. तो बराच वेळ वाचत बसला, मग म्हणाला, "वहिनीनं आमाले कधी सांगतलं नाही." मी म्हणालो, "मी नाही सांगतलं."

आज सकाळी शेड उघडलं. तासाभरात लाखांदूरकडचा एक ड्रायव्हर जीप घेऊन आला, कधी न पाहिलेला माणूस. चेंबर गळत होता. तुझी वही उघडली, त्या जीपचं माप होतं. कागदावर उतरवलं, कॉर्क भिजवला, तुझीच कात्री घेतली. बारा-तेरा वर्षांत पहिल्यांदा मी स्वतः पॅकिंग कापली. बोल्ट बोटांनी लावले, मधल्यापासून आवळले. खाली कागद टाकून इंजिन चालवलं. कागद कोरडा राहिला. ड्रायव्हर खूश झाला, गाडीत बसला, मग काही आठवून डोकं बाहेर काढलं.

"मिस्त्री, पॅकिंग बाईच्या हातची हाये ना? मले जवाहरनगरच्या फिटरसाहेबानं सांगतलं होतं, अड्याळले जाजो तं बाईच्याच हातची घेजो."

"बाई नाही आता," मी म्हणालो. "चौदा दिवस झाले. ही माझ्या हातची हाये."

त्याने हात जोडले, क्षणभर मान खाली घातली. भला माणूस होता. पण गाडी सुरू केल्यावर त्याच्या तोंडून निघूनच गेलं, "मंग पंधरा दिवसानं येऊन दाखवून जातो, मिस्त्री. राग नोको मानजा."

राग कशाचा, शकू. मी शेडच्या दारात उभा राहून हसलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि त्याला ओरडून म्हणालो, "पंधरा नाही, आठच दिवसानं येजा!"